दुभाष्याची सही

सोमवारी सुटका, मंगळवारी जबाब, बुधवारी ताबा. जबाबदार म्हणजे जबाब लिहिणारा दरोगा, म्हणजे ठाण्याचा फौजदार, हुकूम देणारे दंडाधिकारी आणि दुभाष्या म्हणून सही करणारा मी. ओल्या सिमेंटचा वास आला की नव्वदीच्या दशकातला नोएडातला तो आठवडा मला गाठतो. नव्या सेक्टरमधल्या अर्धवट बांधलेल्या कोठीतून, म्हणजे बंगल्यातून, आमच्या संस्थेने सोडवलेल्या मुलीला मराठीखेरीज काही येत नव्हते. मामा असल्याचे प्रतिज्ञापत्र घेऊन तिला न्यायला आलेला इसम ठाण्यात समोरच बसला होता. माझी बाही धरून ती म्हणाली, "काका, हा माझा मामा नाही हो." मी ते हिंदीत सांगताच दरोगा हसला, "भाईसाहब, मामा कौन है, ये लड़की बताएगी या एफिडेविट?" तिचे ते वाक्य जबाबात नव्हते, हे मी वाचले होते; तरी न्यायालयात बोलू, म्हणून सही केली. न्यायालयात मला आत घेतलेच नाही आणि तिचा ताबा त्यालाच मिळाला. त्या इसमाच्या जीपमधून तिने विचारले, "काका, तुम्ही सांगितलंत ना?" जीप गेली आणि त्या उजाड रस्त्यावर मी एकटा उरलो. दंडाधिकारी महोदय, माझ्या एकाही पत्राला आपण उत्तर दिले नाही. ताबा देण्याआधी त्या मामाचे घर कोणी पाहिले होते, हे आता वर्तमानपत्रात, स्वतःच्या नावानिशी सांगा.