निंगाप्पा अण्णांचा अंगठा

प्रवासाचं काहीही विचारलं की निंगाप्पा अण्णा आधी म्हणायचे, "स्वल्प थांबा." मग दारातल्या कढीपत्त्याच्या कुंडीत अंगठा पेरापर्यंत रोवायचे, काढून निरखायचे आणि मगच उत्तर द्यायचे.

राजाजीनगरच्या आमच्या इमारतीत ते तळमजल्यावर राहत. मूळ बेळगावकडचे. सकलेशपूरच्या घाटात एकतीस वर्षं रुळांवरून पायी गस्त घातलेली. दरड कुठे सुटायला आली आहे, हे आधी ओळखायचं काम. मी हिशेब तपासणारा माणूस. "अण्णा, कुंडी बंगळुरूची आणि घाट सव्वादोनशे किलोमीटर लांब," असं मी एकदा लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, "अंगठा घाटातलाच हाय की."

मला ते 'लेक्कद साहेब' म्हणत. लेक्क म्हणजे हिशेब. हे कौतुकानं म्हणतात, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

एकदा त्यांनी उताराची माती दाबून पाहिली आणि लाल झेंडी दाखवून पॅसेंजर पन्नास मिनिटं अडवली. दरड पडली नाही. गाडी उशिरा गेली म्हणून त्यांना मेमो मिळाला. तिसऱ्या दिवशी तोच उतार रुळांवर आला, तेव्हा वर गाडी नव्हती. "थांबवलेली मिनिटं सगळे मोजत्यात, साहेब. न पडलेला डोंगर कोण मोजतंय?" मेमो मात्र त्यांनी जपून ठेवला होता. मी तो वाचून त्यातली बेरजेची चूक दाखवून दिली.

एका जुलैत माझी मुलगी मुग्धा मंगळूरच्या एका कॉलेजात मुलाखतीला गेली आणि तिची निवड झाली. दोन दिवसांनी सकाळी दहाला मूळ प्रमाणपत्रं दाखवायची होती, नाहीतर जागा पुढच्या मुलाला. प्रमाणपत्रं माझ्याकडे होती, कारण मूळ कागद मी कुणाच्या हाती देत नाही, तिच्याही नाही. अण्णांनी अंगठा रोवला. "मातीनं लई पाणी धरलंय. आत्ताच निघा. के. आर. पुरमहून सेलमच्या बाजूनं गोल जा." मी कागदावर मांडून दाखवलं: उद्या सकाळच्या गाडीनं निघालो तरी सतरा तास हाताशी राहतात, आणि गोल गेल्यास अंतर दुप्पट. "सरी," म्हणजे 'बरं', एवढंच अण्णा म्हणाले.

सकलेशपूरला गाडी थांबली. एक रेल्वे कर्मचारी डब्याडब्यापाशी काहीतरी सांगत गेला. मला त्यातले दोन शब्द कळले: "गुड्ड कुसित." गुड्ड म्हणजे डोंगर, हे बंगळुरूच्या बावीस वर्षांत शिकलो होतो, दुसरा शब्द तर मराठीच. मी बायकोला फोन केला, "गाडी डोंगराच्या कुशीत उभी आहे. काय सुंदर दिसतंय." लोक भराभर सामान घेऊन उतरले, तेव्हा खिडकीची जागा मिळाली म्हणून मला आनंदच झाला. तासाभरात डब्यात मी एकटा. मी ढगांचे अकरा फोटो काढले.

त्यातला एक अण्णांना पाठवला, खाली लिहिलं, 'गुड्ड कुशीत.' लगेच फोन आला.

"साहेब, कुशीत नव्हे, कुसित. डोंगर कोसळलाय. पुढची गाडी रद्द. बसा सोडल्यात का?"

"सोडल्या असाव्यात. लोक उतरले."

"मग तुम्ही काय करालाय तिथं?"

अकरा फोटो काढल्याचं मी सांगितलं.

"शेजारी कोण हाय? त्याला फोन द्या."

फलाटावर एक चहावाला होता. त्यानं दोन वाक्यं ऐकली, माझी बॅग उचलली आणि धावत सुटला. बॅगेत प्रमाणपत्रं होती, म्हणून मीही धावलो. शेवटची बस वळत होती. त्यानं ती अडवली आणि मला दंडाला धरून ड्रायव्हरशेजारी बसवलं. घाटरस्त्यावर रात्रभर कोंडी होती. कॉलेजच्या दारात पोहोचलो तेव्हा नऊ वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली होती. मुग्धा पायरीवर बसली होती. तिनं फाइल घेतली आणि आत पळाली.

परत आल्यावर मी अण्णांना विचारलं, "त्या चहावाल्याला काय सांगितलंत?"

"सांगितलं, माणूस शिकलेला हाय, हाताला धरून बसवा."

यंदा मे महिन्यात अण्णा गेले. त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, कुंडी आमच्याकडे वर पाठवली. गेल्या आठवड्यात मंगळूरहून मुग्धाचा फोन आला, "बाबा, उद्याच्या गाडीनं घरी येऊ ना?" मी तिकीट, वेळ, अंतर सगळं मांडून ठेवलं होतं. तरी गॅलरीत गेलो आणि अंगठा पेरापर्यंत रोवला. माती गार लागली. त्यापलीकडे मला काहीही कळलं नाही.

"बाबा? येऊ ना?"

"स्वल्प थांब," मी म्हणालो.