हार घालायला जागा नसलेला संगणक

वीज गेली की बाकीचे शिक्षक वहीने वारा घेत. वानखडे मॅडम पदर खोचून संगणकखोलीकडे धावत. वरवट बकालच्या आमच्या शाळेत दुपारच्या विजेचा भरवसा नव्हता. खोलीतले मोठाले संगणक इन्व्हर्टर बघता बघता पिऊन टाकत आणि आमचं प्रात्यक्षिक अर्धवट राही. "या पोरी मागं राह्यल्या तं दोष कोनाचा? पोरीयचा, का या डब्यायचा?" मॅडम कडाडत.

मी दहावीत होते. एकदा त्यांनी भाच्याकडून तळहाताएवढा संगणक आणला. त्यात मोबाईलच्या जातीचा प्रोसेसर होता. "सावधान म्हटलं की पाय जुळते ना? आन् हेडसरची सूचना कुठी संपते हेच शोधा लागते! प्रोसेसरचंबी तसंच. हुकूम याच्यासारखे आखूड अन् एका मापाचे असले तं ते उलगडाले वीज कमी लागते. निस्ते हुकूमच नाई बरं, चिपची बाकी बांधणीबी पाहा लागते." वर्ग हसला, पण मला ते कायमचं कळलं.

नव्या खरेदीच्या वेळी मॅडमनी तो संगणक संस्थेच्या अध्यक्षांपुढे इन्व्हर्टरवर चालवून दाखवला. बैठक संपली, वीज आली नाही, तरी तो चालूच होता. अध्यक्षांनी तो उलटापालटा करून पाहिला.

"मॅडम, दसऱ्याले याले हार कुठी घालाचा?"

सगळे हसले. आणि खरोखर, एवढ्याच कारणावरून पुन्हा मोठे डबे आले! दसऱ्याला त्यांना कुंकू लागलं, झेंडूचे हार चढले, आणि पाहुण्यांसमोरच वीज गेली. इन्व्हर्टर थोडा वेळ किंचाळला, मग एकेक पडदा काळा झाला.

"घाला आता, अजून जाड हार घाला!" मॅडम भर सभेत म्हणाल्या. त्यांच्याकडून संगणकाचा तास काढून घेतला गेला. आम्हा मुलींच्या वाट्याला पाटीवर काढलेला कीबोर्ड आला.

तरी मॅडमनी आम्हाला घरी बोलावून, ओट्यावर तो लहानगा मांडून शिकवलं. मी घराण्यातली पहिली पदवीधर झाले ती त्या ओट्यामुळे. आज मी चिपच्याच कामात आहे.

यंदा मॅडम गेल्या. शाळेतल्या शोकसभेत त्याच अध्यक्षांनी त्यांच्या तसबिरीला मनगटाएवढा जाड हार घातला. मागच्या खोलीत डबे कापडाखाली झाकलेले होते. मला दोन शब्द बोलायला सांगितलं.

"हार राहू द्या," मी म्हणाले. "वीज गेल्यावर पोरी आता कशावर शिकतात, तेवढं सांगा."

अध्यक्ष हेडसरांकडे पाहू लागले. हेडसर तसबिरीकडे.