ओट्यावर ठेवलेला फोन

नांदूरघाटाच्या पुढं, चढाच्या पायथ्याला माझं घर आहे. दर रविवारी केजहून एक पिकल्या केसांचा माणूस सायकलवर येतो. त्याला गाड्या नसलेला रस्ता लागतो. बस म्हटलं तरी बसत नाही. उभ्यानं पाणी पितो, मोबाइल माझ्या ओट्यावर ठेवतो आणि घाट चढायला लागतो.

मागच्या रविवारी फोन सारखा वाजला, म्हणून मी उचलला. त्याची बायको होती.

"मावशी, छातीचं ऑपरेशन झालंय त्यांचं. घाट चढले का?"

"चढला की."

तो उतरून आल्यावर मी विचारलं, "बायकोला कशाला घोर लावतो रं?"

"घरी बसून लई जीव घाबरतो, मावशी."

आज परत फोन ठेवला. म्हणाला, "आता तुमीच बोला तिच्याशी."

ऊन डोक्यावर आलंय. वळणावर कोणी दिसत नाही, आणि फोन वाजतोय.