चातुर्मासात मी विंडोज सोडलं

नवसांचं आणि किश्शांचं एकच असतं. एक फेडायला जावं, तर वाटेत आणखी दोन होऊन बसतात. मागे एकदा मी सप्तशृंगीच्या गडावर बोलून आले होते, "आई, यांना पुन्हा पोथी वाचता येऊ दे, मी गड पायी चढून येईन." देवीने ऐकलं, पण तिची रीत तिची. तिने सुटे भाग भरलेली खोकी पाठवली, आणि म्हणाली असणार, आता घ्या जोडून. त्यानंतर आमच्या घरात जे जे झालं ते मी शेजारच्या शोभाताईंना भाजी निवडता निवडता सांगत असते. त्याच म्हणाल्या, "वहिनी, लिहून काढा हो. माझ्या डोक्यात आता जागा नाही."

आधी थोडं घरचं सांगते. आमचे हे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून रिटायर झाले. सगळी नोकरी कंट्रोल रूममध्ये, मीटरचे काटे वाचण्यात गेली. घरी वाचायची ती पोथी. दर चातुर्मासात दुपारी कॉलनीतल्या बायका आमच्या नाशिक रोडच्या घरी जमायच्या आणि हे वाचायचे. मग डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं निघालं. कडेचं दिसतं, नेमकं मधलं धूसर. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, पण अक्षर मोठं केलं तर वाचता येईल. भिंग आणलं, ते लवकरच कपाटात गेलं. त्या वर्षी पोथी झाली नाही. हे गॅलरीत बसून राहायचे. काय करताय विचारलं तर म्हणायचे, "रस्ता बघतोय." रस्ताही त्यांना नीट दिसत नव्हता.

आमची केतकी पुण्याला कॉम्प्युटरच्याच कामात आहे. ती म्हणाली, "आई, बाबांसाठी घरीच कॉम्प्युटर बांधू. भला मोठा स्क्रीन लावू आणि पुरीएवढी अक्षरं करू." हे गॅलरीतून म्हणाले, "पुरी तरी दिसते का बघू." कितीतरी दिवसांनी केलेली ती पहिली थट्टा. मी लगेच कामाला लागले.

*

कॉम्प्युटर जोडला तो आमच्या जेवणाच्या टेबलावर. केतकी आणि आमचा थोरला निलेश, दोघं स्क्रू पिळत होते. त्यातल्या मुख्य पाटीला मदरबोर्ड म्हणतात हे कळल्यावर मला बरं वाटलं. सगळं जिला टोचायचं ती मदर, बरोबरच आहे.

राहुकाळ संपेपर्यंत मी बटण दाबू दिलं नाही. तो संपला तसे हे उभे राहिले. वीजकेंद्रात मोठं मशीन सुरू करताना प्रत्येकाने आपापल्या जागेवरून "क्लिअर" म्हणायचं असतं म्हणे.

"निलेश?"

"क्लिअर."

"केतकी?"

"बाबा, घरातला कॉम्प्युटर आहे."

"केतकी?"

"क्लिअर."

"स्वयंपाकघर?"

मी पोळी तव्यावर टाकून म्हणाले, "क्लिअर."

बटण दाबलं. दिवे लागले, पंखे फिरले, आणि स्क्रीनवर इंग्रजीत आलं की आत ऑपरेटिंग सिस्टिमच नाही. हे हताश झाले. मी म्हणाले, "अहो, मूर्ती घरी आणली म्हणजे देव आला असं असतं का? प्राणप्रतिष्ठा करावी लागते."

केतकी म्हणाली, "आई, कुठला प्राण घालायचा त्यावरूनच आता भांडण आहे."

*

भांडण असं. निलेश म्हणे विंडोज. "सगळं जग वापरतं. काही अडलं तर गल्लीतला कोणीही येऊन सांगेल." केतकी म्हणे लिनक्स. "फुकट आहे, हलकं आहे, आणि बाबांना हवं तसं वळवता येतं." मला दोन्ही पटलं. एक म्हणजे केटररची पंगत, ताट तयार येतं. दुसरं म्हणजे घरचा स्वयंपाक, मीठ आपल्या हातात.

शेवटी मी गणपतीसमोर चिठ्ठ्या टाकल्या. निलेशने लिहिल्या, मी डोळे मिटून उचलली. विंडोज. निलेशने देवाला साष्टांग नमस्कार घातला. केतकीने दुसरी चिठ्ठी उघडली. तिच्यावरही विंडोजच.

"दादा, देवासमोर?" केतकी म्हणाली.

निलेश म्हणाला, "देवाला उगीच कशाला कोड्यात टाकायचं?"

*

शिक्षा म्हणून दोन्ही सिस्टिम घातल्या. कॉम्प्युटर सुरू केला की आधी विचारायचा, कुठली हवी? आणि दहा सेकंद थांबायचा. दहा सेकंदांत आमच्याकडे कुकर लावायचा की नाही हेही ठरत नाही. पुन्हा तो प्रश्न बारीक अक्षरात, यांना दिसायचाच नाही. मग जी येईल ती. निलेशने विंडोजवर निळं चित्र लावलं होतं, केतकीने लिनक्सवर झेंडूचं पिवळं. हे कडेने रंग ओळखून सांगायचे, "आज निळी शिफ्ट आहे."

शिफ्ट म्हटल्यावर शिफ्ट बदलताना चार्ज देणं-घेणं आलं. निळीतून पिवळीत जायचं तर हे पुण्याला फोन लावायला लावत. इकडून निलेश म्हणे, "चार्ज दिला." तिकडून केतकी ऑफिसच्या मीटिंगमधून हळूच म्हणे, "चार्ज घेतला." एकदा तिच्या साहेबांनीच विचारलं, तू कुठल्या पॉवर स्टेशनचं काम करतेस म्हणून.

*

मग एके दिवशी कॉम्प्युटर खडखडायला लागला. चालू केला की खडखड, बंद केला की गप्प.

निलेश म्हणाला, "लिनक्स. मी सांगत होतो." विंडोज लावून पाहिलं, तर तीच खडखड. केतकी फोनवर म्हणाली, "बघ, विंडोजलाही आहे, म्हणजे विंडोजनेच काहीतरी बिघडवलं." बहीणभाऊ तासभर एकमेकांच्या सिस्टिमचा उद्धार करत होते.

हे गॅलरीतून उठून आले. लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक कॅबिनेटला लावलं, मूठ कानाला, आणि डोळे मिटले. वीजकेंद्रात मशीनचं दुखणं असंच ऐकतात. मग म्हणाले, "पंख्यात काहीतरी आहे. उघड."

निलेशने झाकण काढलं. पंख्याच्या पात्यांशी तांदळाचे दाणे, कुंकवाने लाल झालेले. गुरुवारी मी कॉम्प्युटरची पूजा केली होती. हळदकुंकू, फूल, आणि अक्षता जरा मोकळ्या हाताने टाकल्या होत्या. वर जाळी होती हे मला काय ठाऊक.

हे म्हणाले, "दोन्ही सिस्टिम निर्दोष. आरोपी स्वयंपाकघरात आहे."

*

हसलो खरे, पण खरं काम अडलं होतं. अक्षर मोठं करायची बटणं निळीत वेगळी, पिवळीत वेगळी. हे एकीतली शिकायचे, दुसऱ्या दिवशी दुसरी उघडायची. आषाढी एकादशी जवळ आली. एका दुपारी यांनी कीबोर्ड पुढे ढकलला आणि म्हणाले, "राहू दे. शोभाताईंना सांग, यंदाही पोथी नाही." आणि गॅलरीत जाऊन बसले.

मी शोभाताईंकडे गेले, पण ते सांगायला तोंड उघडेना. त्या त्यांच्या चातुर्मासाच्या नेमाचं बोलत होत्या. त्या दरवर्षी कारलं सोडतात. कारलं त्यांनी जन्मात तोंडात घातलेलं नाही. मी म्हणाले, "शोभाताई, आवडतं ते सोडायचं असतं हो." आणि म्हणता म्हणता मलाच उजेड पडला.

घरी येऊन देवापुढे दिवा लावला आणि जाहीर केलं, "यंदा चातुर्मासात मी विंडोज सोडलं."

निलेश जेवता जेवता थांबला. "हा काय न्याय आई? तिचं का नाही सोडायचं?"

"विंडोज तुला आवडतं ना? सवयीचं आहे ना?"

"हो."

"मग तेच सोडायचं. कारलं सोडून पुण्य मिळत नाही."

तो वकील लावू शकला नाही. देवाचं काम होतं. केतकीने पुण्याहून काहीतरी केलं आणि कॉम्प्युटर विचारेनासा झाला, सरळ पिवळीत जायला लागला. रोज तीच बटणं. आठवड्याभरात यांचं बोट न बघता तिथे जायला लागलं.

*

पोथी टाइप करावी लागणार होती, कारण पानाचा फोटो मोठा केला की अक्षरं फाटत. ते काम कोण करणार?

पहिल्याच रविवारी निलेशने मॅचसाठी कुठलंसं बटण दाबून गुपचूप निळी उघडली. हे आतून म्हणाले, "निळं दिसतंय मला." नेम मोडला की प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवशी उपवास, असं मी ठरवलं होतं. निलेशने उपवास केला. साबुदाण्याची खिचडी दोनदा घेतली, वर रताळ्याचा कीस, वर दही. आणि म्हणाला, "आई, असं प्रायश्चित्त असेल तर मी रोज मोडत जाईन."

मी प्रायश्चित्त बदललं. पोथीचा एक अध्याय टाइप करायचा, मी शेजारी बसून ओव्या सांगणार. तेही लिनक्सवर. पहिले अध्याय असेच तयार झाले, आणि पुढे तर नेम न मोडताही तो येऊन बसायला लागला. "पुढे काय होतं ते कळायला नको?" म्हणाला. तीस वर्षं त्याच हॉलमध्ये पोथी होत होती. तो तेव्हा क्रिकेट खेळायला पळायचा.

*

चातुर्मास संपला की सोडलेली वस्तू आधी दान करायची आणि मग आपण घ्यायची, अशी रीत आहे. शोभाताई म्हणाल्या, "मी ब्राह्मणाला कारली देते. तुम्ही विंडोज कोणाला देणार?"

निलेशने हात वर केला. मी त्याला पाटावर बसवलं, विड्याच्या पानावर सुपारी ठेवली आणि म्हणाले, "विंडोज तुला दिलं. तुझं वेगळं मशीन घे आणि त्यावर सुखाने नांदव." त्याने वाकून नमस्कार केला. केतकीने पुण्याहून व्हिडिओवर टाळ्या वाजवल्या.

हे म्हणाले, "चार्ज दिला?"

दोघं एकदम म्हणाले, "दिला."

*

आता एक किस्सा राहिला, श्रावणातला. शोभाताई म्हणतात की हाच आधी लिहायचा होता.

तोवर पोथी छान सुरू झाली होती. पहिल्या दिवशी हे अडखळले, पण अध्याय पुरा केला. नंतर रोज वेग वाढत गेला. काळ्या स्क्रीनवर पिवळी अक्षरं, खरंच पुरीएवढी. एका वेळी दोन ओव्या मावत. त्या झाल्या की बटण दाबायचं, पुढच्या दोन येत. बायका पुन्हा दाटीवाटीने बसायला लागल्या, गॅलरीतली खुर्ची हॉलमध्ये आली.

त्या दुपारी अध्याय अर्ध्यावर आला होता. सगळ्या तल्लीन. आणि लाईट गेली.

वरचा पंखा थांबला. कॅबिनेट घुर्र करून गप्प झालं. स्क्रीन काळा पडला, नुसता काळा. मी दचकून यांच्याकडे पाहिलं.

यांचा आवाज थांबला नव्हता. तीस वर्षं तोंडात बसलेली ओवीमागून ओवी चालली होती, त्याच लयीत. नजर त्या काळ्या स्क्रीनवर. आणि दोन ओव्या झाल्या की बोट बटणावर जात होतं, दाबत होतं, आणि हे पुढची ओवी सुरू करत होते.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शोभाताई माझ्या कानाशी आल्या. "वहिनी, लाईट गेलीये. भाऊजींना सांगू?"

मी त्यांचा हात दाबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हळूच हात जोडले. त्यांचं बघून बाकीच्यांनीही.

अध्याय पुरा झाला. यांनी पोथीला करतात तसा कॉम्प्युटरला नमस्कार केला, खुर्ची मागे सरकवली, आणि मला म्हणाले, "केतकीला कळव, मशीन आज एकदाही अडलं नाही."

तुम्हीही या कधी आमच्याकडे पोथीला. आणि तुमच्या वेळेला लाईट गेली, तर एवढंच करा, शोभाताईंसारखे हात जोडा, आणि यांना सांगू नका.