लग्नाच्या गाडीचा पंप

माझ्या नवऱ्याने बावीस वर्षं फरीदाबादच्या एका कारखान्यात मोटारींचे फ्युएल पंप तपासले. इंजिनाच्या फिरण्यावर चालणारे, मुठीएवढे पंप. टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बोरेटरकडे ढकलणारे. पुढे नव्या गाड्यांत विजेवर चालणारे पंप आले आणि कारखाना बंद पडला. तेव्हा ते एकावन्न वर्षांचे होते. मी केंद्र सरकारच्या कचेरीत, त्यामुळे दिल्लीच्या मयूर विहारमधलं घर चालत राहिलं. सकाळी मी मेट्रोसाठी निघायचे तेव्हा ते आंघोळ करून सोफ्यावर बसलेले असायचे. संध्याकाळी परत यावं तर तिथेच. पहिल्या वर्षी त्यांनी खूप अर्ज केले. दुसऱ्या वर्षी केले नाहीत.

मग फरीदाबादहून एका व्यापाऱ्याचा फोन आला. कारखान्यातल्या जुन्या कोणीतरी त्याला ह्यांचा नंबर दिला होता. त्याच्या वडिलांची जुनी गाडी होती, आणि तीन आठवड्यांनी त्याच्या मुलीचं लग्न. आजोबांच्या गाडीतूनच सासरी जायचं, असा मुलीचा हट्ट. पण गाडी सुरू होऊन लगेच बंद पडत होती.

ते गेले, आणि संध्याकाळी आल्या आल्या बोलायलाच लागले. "अगं, साधं आहे. कार्बोरेटरची नळी सोडवून बाटलीत धरली, इंजिन फिरवायला सांगितलं. थेंब नाही. टाकीकडची नळी फुंकून पाहिली, ती एकदम साफ. म्हणजे पंपच. उघडला, तर आतला रबरी पडदा फाटलेला."

कारखाना सोडताना आणलेले तसले तीन पडदे त्यांच्याकडे डब्यात होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक बसवला आणि गाडी चालू झाली. त्या दिवशी ते पोटभर जेवले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना वाढताना काही बोलले आणि ते हसले.

चौथ्या दिवशी गाडी पुन्हा बंद. पंप उघडला तर पडदा फुगून मऊ पडलेला. "आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं," ते म्हणाले. "आपलं रबर त्यात टिकत नाही." दुसरा बसवला, तिसरा बसवला, तेही तसेच गेले. मग काश्मिरी गेटच्या मोटारींच्या सुट्या भागांच्या बाजारातून नवे आणले. ते जाड निघाले. पंपाची दांडी त्यांना पुरेसं ओढू शकत नव्हती. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून ते तो पंप घेऊन बसत. एका हाताने दांडी दाबायची, दुसऱ्या हाताचा अंगठा पंपाच्या तोंडावर धरून ओढ किती आहे ते बघायचं. घरभर पेट्रोलचा वास भरून राहिला होता. शेवटी त्यातलाच एक पडदा घासून पातळ करून त्यांनी गाडीत बसवला.

एकदा मी विचारलं, "अहो, गाडीला विजेचा पंप नाही का बसवता येणार?"

"येतो की. तासाभराचं काम."

"मग?"

ते पुन्हा दांडी दाबू लागले. मीही पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

लग्नाला आम्हाला दोघांनाही बोलावणं होतं. पाठवणीच्या सकाळी गाडी फुलांनी मढवून फाटकाशी आणली. नवरी रडत आत बसली, बँड सुरू झाला. गाडी वीसेक पावलं गेली, दोन आचके दिले आणि थांबली. लोकांना आधी गंमत वाटली. ह्यांनी पुढे होऊन बॉनेट उघडलं तेव्हा झेंडूच्या माळा तुटून खाली पडल्या. एकुलता एक सूट घालून ते आत वाकले आणि हाताने पेट्रोल चढवायची पंपाची छोटी कळ दाबू लागले. दाबत राहिले. चालकाने पुन्हा पुन्हा चावी फिरवली. बँड थांबला. मग कोणी हसेना. नवरीच्या आईने माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान खाली घातली.

व्यापारी जवळ आला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. "रहने दीजिए, भाईसाहब," त्याने ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आपने बहुत मेहनत की."

नवरीला एका नव्या पांढऱ्या गाडीत बसवलं. सगळे तिच्यामागे गेले. आम्ही दोघं बॉनेटपाशी उरलो. त्यांच्या मनगटांवरून पेट्रोल ओघळत होतं. मी रुमाल पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

आठ दिवसांनी व्यापाऱ्याचा मला फोन आला. चालकाने विजेचा पंप बसवला होता, गाडी छान चालत होती. हे समजल्यावर ते म्हणाले, "मला माहीत होतं चालेल ते." मग, "पण ते करायला मी कशाला हवा होतो?"



त्या हिवाळ्यात जुन्या गाड्यांच्या आणखी दोन मालकांचे फोन आले. व्यापाऱ्यानेच त्यांना नंबर दिला होता, कौतुक करून. दोन्ही वेळा ह्यांनी हातानेच नको म्हणून खुणावलं. "वो गांव गये हैं," मी सांगितलं. "कब लौटेंगे, पता नहीं." समोरच बसले होते ते, भिंतीकडे बघत.