लायसनचा पेढा
कोणी संत्रं सोललं की मला सौंसरच्या अलीकडचा तो उतार आठवतो. दादाचं लायसन घरी आलं, तेव्हा त्यानं गल्लीभर पेढे वाटले होते. आईनं विचारलं, "साहेबासमोर गाडी चालवून दाखवली का रे?" तो हसला. "कोण पाहून राहिलं, आई? फोटो काढला, बाकी एजंटनं केलं." लगेच तो पिकअपवर ड्रायव्हर म्हणून लागला. उतारावर गाडी न्यूट्रल केली की डिझेल वाचते, हे त्याला स्टँडवरच्या ड्रायव्हरांनी शिकवलं. भरलेली गाडी मग नुसत्या ब्रेकनं थांबत नाही, हे कोणीच शिकवलं नाही. पांढुर्ण्याहून संत्री घेऊन निघालेली त्याची पिकअप त्याच उतारावर उलटली. आम्ही पोचलो तेव्हा लोक थैल्या भरून राहिले होते, आणि चेंगरलेल्या संत्र्यांचा वास दादावर टाकलेल्या चादरीलाही लागला होता. काल दादाच्या पोराचं लायसन आलं. मी विचारलं, "टेस्ट घेतली का रे?" "कोण पाहून राहिलं, आत्या?" तो बापासारखाच हसला आणि त्यानं माझ्या आईच्या हातावर पेढा ठेवला. आईनं तो पेढा न खाता दादाच्या फोटोपुढे ठेवला.