गयाबाईंचा बधिर कान

"आत्याबाई! डॉक्टर इचारायल्यात, खाज येती का, खाज!"

सुनीता इतक्या मोठ्यानं ओरडली, की बाहेर बसलेल्या एका पेशंटनं दार ढकलून आत डोकावलं. तिच्या सासूबाई गयाबाई माझ्यासमोरच्या खुर्चीत शांत बसल्या होत्या. त्यांनी सुनेकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं.

"काय झालं यांना?" मी विचारलं.

दारापाशी उभा असलेला त्यांचा मुलगा बालाजी पुढं आला. "तेच इचारायला आलोय म्याडम. ऑपरेशनच्या आधी गोठ्यात शेळी शिंकली, तर कोणती शिंकली ते माय घरातून सांगायची. आता बाजूला कुकर वाजला तरी हलत नाय. तुम्ही काय केलं तिच्या कानाला?"



मी प्लास्टिक सर्जन आहे. शहरात, गारखेड्यात, माझं क्लिनिक आहे. भाजलेले हात, फाटलेले ओठ, फटाक्यानं गेलेली बोटं, असं माझं काम. आणि केलॉइड. केलॉइड म्हणजे वाढत राहणारा व्रण. जखम झाली की शरीर ती भरून काढतं आणि थांबतं. काही लोकांचं शरीर थांबत नाही. गवंड्याला भिंत बांधायला सांगावं आणि त्यानं वर माडी चढवत राहावं, तसं. कान टोचलेल्या जागी हे फार होतं. आधी दाणा, मग बोर, मग लहान बटाटा. जिवाला धोका नसतो, पण खाजतं, ठणकतं, आणि समोरचा माणूस डोळ्यांत न बघता कानाकडं बघून बोलतो.

गयाबाईंचं गाव शहराबाहेर, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीच्या पुढं. घरी थोडी शेती, पुष्कळ शेळ्या. बालाजी शेंद्र्याच्या एका कंपनीत लागला, त्याचं लग्न ठरलं, तेव्हा गयाबाईंनी हौसेनं दोन्ही कानांच्या वरच्या कडेला बुगडीसाठी टोचून घेतलं. लग्नात बुगड्या मिरवल्या. वर्षभरात बुगड्या काढाव्या लागल्या आणि त्यांच्या जागी दोन गाठी आल्या. गावातल्या कुणीतरी घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधला. गाठी गळून पडल्या, पण दुप्पट होऊन परत आल्या. मग एका दवाखान्यात कापून घेतल्या. त्या पुन्हा आल्या, आणखी मोठ्या.

"कापणं सोपं असतं," मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. "परत येऊ न देणं अवघड. टाके निघाले की व्रणात दर महिन्याला इंजेक्शन घ्यावं लागेल. ते दुखतं. आणि कानाला दाबाची क्लिप लावायची. व्रण दोन्हीकडून दाबून ठेवला की तो फुगत नाही. आंघोळीपुरती काढायची, बाकी दिवसरात्र. कित्येक महिने."

"मागच्या डॉक्टरनंबी दिली होती क्लिप," सुनीता म्हणाली. "आठ दिसांत शेळीच्या खुंट्याला अडकवून ठेवली."

"लोकं हसत होती," गयाबाई म्हणाल्या. "म्हणं, कपडे वाळत घातले का कानावर?"

कानाच्या वरच्या कडेला बाजारातली क्लिप नीट बसत नाही. म्हणून मी ओळखीच्या दातांच्या डॉक्टरांकडून मापाच्या करून घेतल्या. ते कवळ्या करतात. त्यांच्याकडं कवळीच्या हिरडीचं गुलाबी मटेरियल होतं, त्यातच त्यांनी केल्या. ऑपरेशन छान झालं. क्लिपा चपखल बसल्या. दिसायला मात्र अशा, की कुणालाही वाटावं, बाईला ऐकायचं मशीन लागलंय.

पण वाटणं वेगळं आणि खरंच ऐकू न येणं वेगळं. मी बालाजीला समजावलं. "ऐकायचं यंत्र कानाच्या आत असतं. मी बाहेरच्या कडेवर काम केलंय. छपराचं कौल बदललं म्हणून आत बसलेल्या माणसाची नजर जात नाही."

"तुम्हीच म्हणला होतात, कान बधिर करून ऑपरेशन करू. म्हणला होतात का नाय?"

"हो, पण बधिर म्हणजे..."

"मग केला बधिर. तो परत उघडलाच नाय."

शब्द माझाच होता. 'भूल देऊ' म्हणाले असते तर हा प्रसंग आला नसता. बालाजी चिडलेला होता आणि त्याच्या जागी मीही चिडले असते. तक्रार करतो, म्हणाला. सुनीता रडवेली झाली होती. मी दोघांना बाहेर बसायला सांगितलं. तपासायचंय, म्हटलं.

दार लागलं. मी गयाबाईंच्या मागं जाऊन अगदी हळू म्हणाले, "गयाबाई, दुखतंय का?"

"दुखत नाय. खाज बी नाय," त्या तितक्याच हळू म्हणाल्या. "आन् वरडू नका. लई मजा चाललीय."

मी खाली बसले.

हकिकत अशी होती. ऑपरेशननंतर डोक्याला पट्टी होती, तेव्हा दोन-चार दिवस त्यांना खरंच कमी ऐकू येत होतं. लोक ओरडून बोलायला लागले. पट्टी निघाली, क्लिपा आल्या, ऐकू आलं. पण ते सांगायच्या आत शेजारीण समोर बसून म्हणाली, "मशीन लावलं तरी म्हातारी बहिरीच. बरं झालं, आता दुधाचे पैसे मोजून मागायची नाय." गयाबाई गप्प राहिल्या. मग गप्पच राहिल्या. साऱ्या गावानं त्यांच्यासमोर मन मोकळं केलं.

"क्लिप काढली तर बरी झाली म्हणतील, लोकांचं बोलणं बंद व्हईल," त्या म्हणाल्या. "म्हून झोपतानाबी काढत नाय."

मी व्रण पाहिले. दोन्ही कान सपाट. माझ्या इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये इतक्या प्रामाणिकपणे क्लिप लावणारा पेशंट मी पाहिला नव्हता.

"अहो, पण तुमचा मुलगा माझी तक्रार करायला निघालाय!"

"करू द्या की. ऐकू द्या मला अजून थोडं. दोघंबी काहीतरी लपवायलेत."

आता माझी पंचाईत झाली. पेशंटची गोष्ट तिच्या परवानगीशिवाय नातेवाइकांना सांगता येत नाही. आणि सांगितली नाही, तर मीच बाईला बहिरं केलं. "आज तुम्ही सांगा," मी म्हटलं. "नाहीतर तुम्हाला कानाच्या डॉक्टरकडं पाठवावं लागेल. तिथं मशीनवर खोटं बोलता येत नाही."

"बघते," त्या म्हणाल्या आणि पुन्हा कॅलेंडरकडं बघू लागल्या.

मी दोघांना आत बोलावलं. "तपासणी करून घेऊ. कानाच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते."

"मशीन लागंल ना?" सुनीता म्हणाली. तिनं डोळे पुसले. "लागू द्या. चांगलंच घेऊ, भारीतलं. काय ओ, आत्याबाईच्या शेळ्या इकून टाकू. तशाबी आता त्यांच्यानं..."

"शेळीला हात लावून तर बघ!"

गयाबाई उभ्या राहिल्या होत्या. खुर्ची मागं सरकून भिंतीला आपटली. बाहेरच्या पेशंटनं पुन्हा दार ढकललं. त्याला कुणी हाकललं नाही.

बालाजीचं तोंड उघडंच राहिलं. "माय, तुला ऐकू येतंय?"

"कवाचंच."

सुनीता मनातल्या मनात मागं मागं जात होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आपण काय काय बोलून बसलो, कुणासमोर, कधी. मध्येच तिनं पदर तोंडावर घेतला.

"व्हय, चहाचं बी ऐकलं," गयाबाई म्हणाल्या. "माझ्या चहाला गुळाचं पाणी म्हणतीस. आईला फोनवर माझी नक्कल करून दावतीस. चांगली करतीस, हसू दाबता येईना मला. पण गारखेड्यात घर बघायलात ते कामून लपवलं?"

"तू एकटी राहशील म्हून," बालाजी पुटपुटला. "वाईट वाटंल तुला. कसं सांगावं ते ठरंना."

"मला? अरे, मी वाट बघायले तुम्ही कवा जाता त्याची! तुझी ड्युटी, तिचा टीव्ही. मला शेळ्यांसंगं निवांत बसायला मिळंना. जा बाबा. रविवारी या, चहा प्यायला."

बालाजी आधी खुर्चीत बसला, मग हसायला लागला. सुनीताही हसली, आणि हसता हसता रडली. रडत रडतच म्हणाली, "आत्याबाई, मी तुमच्यासाठी गारखेड्यात खालच्या मजल्यावरचंच घर बघायले होते. तुम्ही राह्यला आलात तर जिना नको, तुमचे गुडघे दुखतेत म्हून."

"तेबी ऐकलं," गयाबाई म्हणाल्या. आवाज जरा खाली आला. "म्हून तर नकलेवर काही बोलले नाय."

तक्रारीचं कुणी पुन्हा काढलं नाही. मी इंजेक्शन भरलं. ते व्रणात जाताना गयाबाईंनी माझ्या टेबलाची कड अशी धरली, की ती तुटेल असं वाटलं.

मला मात्र नवी काळजी लागली. बहिरेपणाचं नाटक संपलं म्हणजे क्लिपही संपली. मी तसं बोलून दाखवलं. सुनीतानं सासूकडं पाहिलं.

"गावाला कुठं माहीतंय?" ती म्हणाली.

तेव्हापासून दोघी मिळून नाटक करू लागल्या. सुनीता पारावर सासूला ओरडून सांगायची आणि दोघी घरी आल्या की कोण काय म्हणालं ते जुळवायच्या. घर गारखेड्यात झालं तरी सुनीता दर रविवारी गावाला जायची, आणि बालाजीच्या म्हणण्याप्रमाणे चहा हे फक्त निमित्त होतं.

इंजेक्शनांचा कोर्स पूर्ण झाला. पुढं बराच काळ मी त्यांना तपासायला बोलवत राहिले. केलॉइड परत आलं नाही. दोन बारीक पांढऱ्या रेषा, तेवढंच. पुन्हा टोचू का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी इतक्या जोरात "नाही" म्हणाले, की त्यांनी कानावर हात ठेवला. गुलमंडीच्या बाजारात दाबाच्या बुगड्या मिळतात, भोक लागत नाही. त्याही सणापुरत्या घालायच्या आणि काढायच्या, एवढी सूट दिली.

केलॉइड परत येऊ नये म्हणून काय करायचं, ते पुस्तकात नीट लिहिलेलं आहे. पेशंटनं ते का करावं, हे पुस्तकात नाही. ते ज्याचं त्याला सापडावं लागतं, आणि सापडलं तर डॉक्टरनं मध्ये बोलू नये. मी आता क्लिप देताना एक प्रश्न जास्तीचा विचारते: घरात कोण कोण असतं?